पंख्यामागचा तंगूस

आमच्या बचत गटाची होडी भाटघर धरणाच्या पाण्यात चालते आणि ती मी चालवते. यात कुणाला हसू येत असेल तर त्याने आधी पोहून पलीकडे जाऊन दाखवावं. पलीकडे भोरची एसटी मिळते. अलीकडून रस्त्याने निघालं तर अख्ख्या धरणाला वळसा पडतो.

गेल्या वर्षी होडीच्या मोटरच्या गिअरबॉक्समधलं तेल दुधासारखं पांढरं झालं. म्हणजे आत पाणी शिरलं. मेकॅनिकने तेल बदललं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "ताई, गिअरबॉक्स संपला. इकून टाका मशीन." झालं! मोटर विकायची का, हे ठरवायला गटाने रविवारी बैठक लावली. मोटर गेली की मी परत दुसऱ्याच्या शेतात खुरपायला. सासरे तर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "बायामाणसाच्या हातात मशीन दिलं की आसंच व्हायचं."

मला असा संताप आला! संतापले की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. शनिवारी सकाळीच मोटर काठावर आणली, पिन काढली, नट सोडला आणि पाणी कापणारा पंखा ओढून काढला. मेकॅनिक दोनदा तेल ओतून गेला, पण पंख्यामागे काही डोकावला नव्हता. तिथे पंख्याच्या दांड्याला तंगूस, म्हणजे मासे धरायच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा, गुंडाळला होता, इतका घट्ट की आतल्या रबरी सीलमध्ये रुतलेला. सील चिरलं होतं आणि पाणी तिथूनच आत जात होतं. मी एकटीच मोठ्याने हसले.

तंगूस निळा होता. आमच्या वाटेवर निळं जाळं टाकणारा माणूस एकच, माझे सासरे. तुकडा त्यांच्यासमोर धरला, त्यांनी मान खाली घातली. बोलायची हौस पुष्कळ होती, पण काम पडलं होतं.

वल्ही मारत पलीकडे गेले, भोरला ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानातून त्याच मापाचं सील आणलं. ते बसवून खालच्या भोकातून तेल भरत गेले. वरच्या भोकातून बाहेर आलं तेव्हा आधी वरचा स्क्रू लावला, मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा राहते.

रविवारी सकाळभर फेऱ्या मारल्या आणि बैठकीत सगळ्यांसमोर खालचा स्क्रू सैल केला. तेल स्वच्छ आलं. तरी एकजण म्हणालीच, "हिच्या हातानं पुन्ना बिगाडलं तर?"

मागे उभे असलेले सासरे पुढे आले. "हिच्या हातानं न्हाई, माज्या जाळ्यानं बिगाडलं व्हतं. मशीन ऱ्हाऊ द्या, आन चालवंल ती हीच."

मोटर ठेवायच्या बाजूने एकेक हात वर गेला. सगळ्यात उंच हात सासऱ्यांचा होता, आणि त्यांना तर बायकांच्या गटात मतच नव्हतं.