रामलिंगअप्पांची कर्दळ

एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या रामलिंगअप्पांना एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. निवृत्त झाल्यावर मुखेडच्या घरी त्यांनी न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळीचे सात कंद लावले. लेक उज्वला बाळंतपणाला येणार होती. उघड्या न्हाणीला तोवर रुंद पानांचा पुरुषभर आडोसा हवा होता.

पण अप्पा रोज सकाळी खुरप्यानं माती उकरून कोंब आला का ते बघायचे, अन् कंद पुन्हा पुरायचे. महिना गेला, तरी जागा बोडकीच.

“अहो, ते कंद हायेत, पॅसेंजर न्हाईत! रोज उठवून तिकीट काय बघून राहिलात?” बायको साखराबाई म्हणाल्या.

“मग जित्ते हायेत का, कळावं कसं?”

साखराबाईंनी खुरपं कुलपात टाकलं. अप्पा अंगणात नुसते येरझारा घालत राहिले. नवव्या दिवशी माती तडकली अन् तांबूस सुरळ्या वर आल्या. अप्पांचं बोट लगेच पुढं झालं.

“हात मागं!”

उज्वला आली तेव्हा कर्दळ कमरेएवढीच होती. उरलेल्या उंचीला अप्पांनी जुनं लुगडं बांधलं. आता दिवसातून चारदा त्याची गाठ तरी तपासता येत होती.