चपला काढून आत जाणारे साहेब

आमच्या साहेबांइतका दुसऱ्याच्या दारात घुटमळणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडायचा नाही; आणि गंमत अशी, की दुसऱ्यांच्या खात्यात शिरायची सोय करणं हेच त्यांचं काम होतं. महाप्याला आमची कंपनी. सोसायट्यांसाठी वेबसाइट चालवते. पार्किंग, गेटपास, गळका नळ, बंद लिफ्ट, सगळं तिच्यावर. कुणाचं पान उघडेना झालं की तो फोन करतो, आणि फोन घेणाऱ्याला, म्हणजे मला, त्याला दिसतंय तेच बघावं लागतं. त्यासाठी त्याच्या नावाने त्याच्या खात्यात जायचं. ही वाट साहेबांनी बांधलेली. मी परभणीकडचा, नववीत शाळा सोडलेला. ही नोकरी मला कशी मिळाली याचं अजून नवल वाटतं, आणि कुणी शिक्षण विचारलं की एसीतही घाम फुटतो.

तर साहेब परक्या खात्यात जाण्याआधी चपला काढत. खरोखरच्या, टेबलाखाली, जोडीने. मग स्क्रीनकडे बघून हळूच म्हणत, "येऊ का?" एकदा ऑफिसात आगीची तालीम झाली, घंटा वाजली, सगळे जिन्याने खाली धावले. साहेब अनवाणीच उतरले आणि उतरल्या उतरल्या परत वर निघाले. मी हात धरला तर म्हणाले, "अरे, त्या नेरुळच्या बाईंच्या खात्यातून न सांगता आलोय मी." आम्हालाही त्यांनी तीच शिस्त लावलेली. सभासदाच्या मोबाइलवर विचारणा जायची, त्याने 'हो' दाबलं तरच दार उघडायचं, आणि चहा संपेस्तोवरच उघडं राहायचं. पुढे यंत्रच बाहेर काढायचं. आत असेपर्यंत पानावर लालभडक पट्टी: तुम्ही दुसऱ्याच्या घरात आहात. पासवर्ड तर मागायचाच नाही. "पाहुणा दार वाजवतो," साहेब म्हणत, "किल्ली मागतो तो पाहुणा नव्हे."

हे वेड ऑफिसात मावत नसे. शेजारी कुणी पासवर्ड टाइप करायला लागला की साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहत. नवीन माणसाला वाटे, आपलं काही चुकलं. बेलापूरच्या एटीएमसमोर ते पुढच्या माणसापासून इतके लांब थांबत, की मागून आलेला विचारी, "काका, लाइनीत आहात का?" आणि साहेब उत्तर जुळवेपर्यंत तो पुढे जाई. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो, तर वहिनी म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून फ्रिज उघडायच्या आधी मला विचारतात. मी माहेरी गेले की उपाशी राहतात." साहेब ताटात बघत म्हणाले, "फोन करतो की तुला."

मग ते पार्किंगचं प्रकरण झालं. उलव्याच्या एका आजोबांचं पार्किंगचं पान उघडत नव्हतं. त्यांच्या परवानगीने मी आत जाऊन पाहिलं, दुरुस्त करवून घेतलं. दुसऱ्या दिवशी आजोबा ऑफिसात हजर. त्यांच्या खात्यातून 'जागा सोडली' असा अर्ज गेला होता आणि त्यांची जागा भलत्यालाच मिळाली होती. "तुमचा हा माणूस माझ्या खात्यात शिरला होता. दुसरं कोण करणार?"

मॅनेजर माझ्याकडे वळले. "शिक्षण किती म्हणालास तुझं?"

माझ्या डोळ्यांसमोर परभणीची गाडी उभी राहिली. साहेब मात्र खाली वाकून चपला काढत होते.

"आजोबा, येऊ का तुमच्याकडे?"

"मीच आलोय की इथं."

"खात्यात म्हणतोय. मोबाइलवर 'हो' दाबा."

आजोबांनी दाबलं. लाल पट्टी आली. साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं. "दाब ते 'जागा सोडा'." चुकून दाबलं गेलं तर मी जन्माचा संपलो. बटण राखाडी पडलेलं. मी दाबलं, पुन्हा दाबलं, सगळी ताकद लावून दाबलं. दगड. खाली अक्षरं आली: पाहुण्याने बघावे, हात लावू नये.

"हा दाबूच शकत नाही," साहेब म्हणाले. "मीसुद्धा नाही. तुमचा पासवर्ड आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"कुणाला नाही. वॉचमनला, गेटपाससाठी. सुनेला. दूधवाल्याला, दुधाचे खाडे मांडायला."

साहेबांनी इतक्या हताशपणे डोळे मिटले, की मॅनेजरनी पाणी मागवलं. आजोबांनी घरी फोन लावला. सून स्पीकरवर म्हणाली, "बाबा, मीच सोडली जागा. गाडी विकली ना आपण."

"गाडी विकली," आजोबा म्हणाले, "जागा कुठं विकली?" पण आवाज खाली आला होता.

मी सुटलो. तरी तो शिक्षणाचा प्रश्न काही सुटेना. शनिवारी मी ऑफिसला गेलो नाही. रविवारी गावी परतायला बॅग भरली. उलव्यातली आमची खोली चौघांची. दाराला कडी नाही, घरमालक, एजंट, मीटरवाला, ज्याला वाटेल तो सरळ आत येतो. दुपारी दार उघडंच होतं, आणि उंबऱ्याबाहेर साहेब उभे. चपला काढलेल्या, हातात केळी.

"येऊ का?"

इतक्या वर्षांत त्या दारात हे कुणी मला विचारलं नव्हतं. साहेब तसेच अनवाणी, तापलेल्या फरशीवर, पाय आलटून पालटून उभे. पण मी 'या' म्हणेपर्यंत आत आले नाहीत. आल्यावर बॅगेकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. "उद्या नेरुळच्या बाईंचं पान बंद पडणार आहे," ते भिंतीला म्हणाले. "त्या दर सोमवारी बंद पाडतात. त्यांच्याकडे कोण जाणार?"

आता साहेब निवृत्त होऊन लेकीकडे नाशिकला असतात. अधूनमधून मेसेज येतो, "फोन करू का?" मी लगेच 'करा' पाठवतो, टेबलाखाली चपला काढून ठेवतो, आणि फोन वाजायची वाट बघत बसतो.