शवपेटीची पुढची कडी

आमचे आमदार एवाल्डो पेशोतो पहिल्यांदा निवडून आले ते माझ्या लग्नाच्या वर्षी. आता माझ्या नातीचं लग्न ठरलंय, तरी गडी खुर्चीला गोचिडासारखा चिकटलेला. विधानसभेत त्यांनी तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नाही. त्यांचं राजकारण बाप्तिस्म्यात आणि मयतीत. गावातली निम्मी पोरं त्यांनी चर्चमध्ये हातावर घेतलेली. ते पोरांचे धर्मपिता, म्हणून पोरांच्या आईबापांचे कोंपाद्रे, पोरांच्या आया त्यांच्या कोमाद्रे. आणि कोंपाद्रेच्या विरोधात मत टाकणं म्हणजे आमच्याकडे भावाला विष घालण्यासारखं.

आमचं मागणं एकच, ओढ्यावर पूल. दवाखाना पलीकडे, कबरस्तानही पलीकडे. दर निवडणुकीला पुलाचा पाया खणायचे, फीत कापायचे, बकरा कापायचे. मतमोजणी झाली की त्या खड्ड्यात डुकरं लोळायची.

यंदा मार्चात, आमच्याकडच्या ऐन पावसाळ्यात, माझ्या शेजारणीची, देउझिमारची मुलगी लुझिनेटे बाळंतपणात अडली. ओढ्याला पूर. झोळीत घालून नेलं, पण पाणी उतरायची वाट बघत पोर काठावरच गेली. तीही आमदारांचीच धर्मकन्या.

दुसऱ्या दिवशी आमदार हजर. पांढरा सदरा, चकचकीत बूट. डोळे पुसत त्यांनी शवपेटीची पुढची कडी धरली. ती कडी खरं तर सख्ख्यांची, पण हे कुणाच्याही मयतीत तीच धरणार आणि ओढा आला की दुसऱ्याच्या हातात देऊन गाडीत बसणार. त्या मऊ हाताची मला शिसारी येते.

काठावर त्यांनी सवयीने मागे पाहिलं. माझा नवरा लगेच पुढे झाला. देउझिमारने त्याला अडवलं.

"थांब रे. कडी त्यांच्याकडेच राहू दे." मग आमदारांकडे वळून म्हणाली, "चला कोंपाद्रे. आज पाणी कमरेइतकंच आहे. लेक तुमचीच ना?"

"कोमाद्रे, मला राजधानीत बैठक आहे गं. घाई आहे."

"तिलाही होती."

आमदारांनी पाण्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि कडी सोडली. पेटीचा कोपरा चिखलात आपटला. देउझिमारने स्वतः कडी उचलली आणि पाण्यात शिरली.

ऑक्टोबरात ते पुन्हा निवडून आले. मत देऊन आलेला माझा नवरा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काही झालं तरी कोंपाद्रे आहे गं."

त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही.