एलिया पारधेची हत्यारं आणि बनुबाईची जांभळी

एलिया पारधे मूळचा शेवगावकडचा. झाड पडून रस्ता बंद होतो, हे त्याला लग्नाआधी ठाऊकच नव्हतं. त्याच्याकडे बाभळ पडली तर तिला वळसा घालून जायला हवा तेवढा माळ मोकळा. पुढं त्याची बायको मार्था हिला राजूरच्या वरच्या अंगाला, हिरडवाडीच्या उपकेंद्रात नर्सची नोकरी लागली. एलियानं आपल्या पिकअपमध्ये दोन गाद्या, एक कपाट आणि कोंबड्यांचं डालगं टाकलं आणि तिच्या पाठोपाठ डोंगरात आला. त्याला आता नऊ वर्षं झाली. राजूरच्या बाजारातून सिमेंट, पत्रे, मिठाची पोती असा माल वरच्या वाड्यांना पोचवायचा, हा त्याचा धंदा.

पहिल्याच वर्षी कच्च्या रस्त्यावर हिरड्याची एक मोठी फांदी आडवी पडलेली होती. एलियाकडे चाकाचा पाना आणि जेवणाचा डबा होता. तो दोन तास बसला आणि डबा खाल्ला. मग कमरेला कोयता लावलेला एक म्हातारा आला, त्यानं फांदी तोडून बाजूला केली आणि विचारलं, "डायवर, तुमच्याकडं काय हत्यार हाय?"

"पाना हाय."

"मंग नट हुडका फांदीचा," असं म्हणून म्हातारा निघून गेला.

हे बोलणं एलियाला लागलं. तिथून त्याची खरेदी सुरू झाली. आधी कोयता घेतला. कोयत्यानं जाड लाकूड तुटायचं नाही म्हणून कुऱ्हाड. कुऱ्हाडीला वेळ लागतो म्हणून करवत. करवत छोटी वाटली म्हणून दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढायची मोठी करवत. मग पहार, दोरखंड, साखळी, दोन जॅक. शेवटी मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे जंगलात गाड्या घालायचे व्हिडिओ पाहून तो संगमनेरला गेला आणि पेट्रोलवर चालणारं कटर घेऊन आला. दुकानदारानं विचारलं, "लाकडाचा धंदा आहे का?" एलिया म्हणाला, "न्हाई. जवळ असावं म्हणून."

गाडीचा मागचा हौदा अर्धा हत्यारांनी भरला. एकदा गिऱ्हाइकाच्या सहा गोण्या सिमेंटपैकी चारच बसल्या. मार्था म्हणाली, "यातलं एकदोन घरी ठेवा."

"कोणतं ठेवू? जे ठेवीन नेमकं तेच लागंल."

"मंग तुमीच घरी ऱ्हावा. हत्यारं जाऊ द्या धंद्याला."

एवढं करून नऊ वर्षांत एलियावर मोठं झाड कापायची वेळ काही आली नव्हती. पावसाळ्यात झाडं पडायची, पण तो पोचायच्या आत कुणी ना कुणी ती उचललेली असायची. एलिया उतरायचा, ताजा भुसा पाहायचा आणि हिरमुसून पुढं जायचा.

गेल्या मे महिन्यात मार्थानं हिरडवाडीत दातांचं शिबिर ठरवलं. डॉक्टर ज्ञानेश्वरी संगमनेरहून यायच्या होत्या, सोबत त्यांची मागं कलणारी खुर्ची. खुर्ची न्यायची एलियाच्या पिकअपनं. सकाळी राजूरला खुर्ची चढवायची वेळ आली तेव्हा ती बसेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ती करवत काढली तर बसेल."

एलियानं करवतीकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं. "मॅडम, खुर्ची हत्यारांवर ठेवू."

अशी ती खुर्ची कटर, जॅक आणि साखळीच्या ढिगावर उंच बसली आणि रस्त्यावरचे लोक वळून वळून पाहू लागले.

आदल्या संध्याकाळी वळवाचं वादळ होऊन गेलं होतं. हिरडवाडीच्या अलीकडं अर्ध्या मैलावर, वळणानंतर, जांभळीचं एक जुनं झाड मुळासकट रस्त्यावर आडवं पडलेलं दिसलं. मुळं वरच्या दरडीला टेकलेली, शेंडा खालच्या भातखाचरात, आणि मधे गुडघ्याएवढ्या उंचीवर सरळसोट खोड. एलियानं गाडी थांबवली. डॉक्टरबाई नंतर सांगत होत्या, की त्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद त्यांनी दात काढून झालेल्या पेशंटच्याही पाहिलेला नाही.

त्यानं खुर्ची उतरवली, सगळी हत्यारं रस्त्यावर ओळीनं मांडली आणि त्यांच्यापुढं येरझारा घालू लागला. कुऱ्हाडीनं सुरुवात करावी की कटरनं? साखळीनं ओढून पाहावं का? पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात झाडाच्या पलीकडून मार्था आली, मागं शिबिराचे आठेक पेशंट. गाडी येत नाही म्हणून ती चालत शोधायला निघाली होती आणि पेशंटही कंटाळून तिच्यामागं आले होते.

"कवा निघंल हे?" तिनं विचारलं.

"काढतो. हत्यार ठरवतोय."

मार्थानं त्या ओळीकडं पाहिलं आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, "मॅडम, तुमी इथंच चालू करा."

खुर्ची रस्त्याकडेच्या आंब्याच्या सावलीत ठेवली आणि शिबिर सुरू झालं. पहिला नंबर बनुबाईचा. साठीची, काटक, हिरडवाडीत तिच्या बोलण्यापुढं कुणाचं चालायचं नाही. तिची दाढ महिनाभर ठणकत होती. डॉक्टरबाईंनी तिला बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि दाढ काढून तोंडात कापसाचा बोळा दिला. "तासभर दाबून धरा. बोलायचं अजिबात नाही."

इकडं एलियाचं ठरलं होतं. त्यानं कटरची दोरी ओढली, मशीन धडाडलं आणि बरोबर खोडाच्या मध्यावर वरून पातं टेकलं.

बनुबाई खुर्चीतून ताडकन उठली. "ऊं, ऊं," करत एलियापुढं आली आणि दोन्ही हात लांब पसरून हलवू लागली.

"दुखतंय का मावशी?" एलिया ओरडून म्हणाला. "होईल कमी."

तिनं मान जोरात हलवली. खोडाकडं बोट केलं, पुन्हा हात लांब पसरले, मग डोक्यावर आडवे धरले.

"साप म्हणतीया," गालाला फडकं बांधलेला एकजण म्हणाला.

त्याबरोबर सगळे पेशंट दगडांवर, दरडीवर, जमेल तिथं चढले. डॉक्टरबाई खुर्चीत चढल्या. एकटी मार्था जागची हलली नाही, कारण नऊ पावसाळे साप चावल्याच्या केसेस पाहून तिची भीती गेली होती. बनुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. साप नाही एवढं सगळ्यांना कळलं, पण मग काय आहे ते कळेना.

तोवर चार बोटं आत गेलेलं कटर अडकलं. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मधे लोंबतं, त्यामुळं वरून कापलेली खाच मिटत आली आणि तिनं पातं घट्ट धरलं. एलियानं ओढलं, हिसडलं, शेवटी मशीन बंद केलं. खाच उघडायला पाचर लागते, आणि नऊ वर्षांच्या खरेदीत पाचर तेवढी राहून गेली होती.

त्यानं कुऱ्हाड उचलली. दुसऱ्याच घावाला तिचं पातं दांड्यातून निसटलं आणि सूं करत दरीत गेलं. मग मोठी करवत. तिला जोडीदार हवा म्हणून गालाला फडकं बांधलेला पुढं झाला. पण करवत ओढली की हिसका त्याच्या दाढेत जायचा. एक ओढ झाली की तो "आयं" म्हणून थांबायचा. सात ओढींत लाकडावर एक ओरखडा उठला आणि डॉक्टरबाईंनी त्याचा नंबर आधी घेतला.

आता बनुबाईचा संयम संपला. तिनं हत्यारांच्या ओळीतून जॅक उचलून एलियाच्या हातात दिला आणि खोडाखाली बोट दाखवलं. एलियानं जॅक लावला, तो मातीत रुतला. बनुबाईनं बांधावरून एक चपटा दगड आणून जॅकखाली सरकवला. पाचसहा दांडे मारले तसं खोड बोटभर उचललं गेलं, खाच उघडली आणि कटर अलगद बाहेर आलं. एलियानं ते पुन्हा खोडाला लावायच्या आत बनुबाईनं हातातून काढून घेतलं, नेऊन गाडीच्या सीटवर ठेवलं आणि दार लावलं.

मग तिनं कोयता घेतला, खाचरात उतरली आणि शेंड्याच्या फांद्या तोडू लागली. मार्थाला तेव्हा उमगलं. "अवो, खोड कशाला कापताय? शेंडा काढा. खाचर अजून टणक हाय, गाडी तिथनं निघंल."

"पर खाचर कुनाचं?"

बनुबाईनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मनगटाएवढ्या फांद्या होत्या. एलियानं छोटी करवत घेतली, बनुबाईनं कोयता, आणि पाऊण तासात शेंडा मोकळा झाला. एलिया गाडीत बसला. बांध उतरून ढेकळांवरून हेंदकाळत पलीकडच्या रस्त्यावर चढला आणि हॉर्न दिला. अलीकडून डॉक्टरबाईंनी हात धुता धुता सांगितलं, "झालं माझं. शेवटचा पेशंट आत्ताच झाला. खुर्ची परत राजूरला न्यायचीय." एलियानं हॉर्नवरचा हात काढला आणि आला तसाच ढेकळांवरून परत आला.

एवढ्यात बनुबाईनं बोळा थुंकला. ओठ अजून थोडे जड होते, पण शब्द निघत होते. "मुडद्या," ती म्हणाली, "माजी जांभळी हाय ती. माज्या बांधावरची. घराचं आढं मोडकळीला आलंय, तीन वर्सं मी ह्या झाडाची वाट बघत हुते. देवानं आपसूक पाडलं, आन तू मधीच खाच मारून बसला."

डोक्यावर आडवे धरलेले हात म्हणजे आढं, छपराची मधली तुळई, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. एलियानं खाचेतला भुसा फुंकरून काढला. मग म्हणाला, "चुकलं मावशी. आधी इचारायला पायजे हुतं."

"इचारलं असतं तरी काय सांगणार हुते मी? तोंडात बोळा हुता."

यावर मार्था हसली, मग डॉक्टरबाई, आणि नको नको म्हणत बनुबाईसुद्धा, एका बाजूनं.

दोन दिवसांनी वाडीतल्या माणसांनी खोड मुळापासून सोडवलं. एलियानं साखळी दिली, गाडी जोडली आणि ते बनुबाईच्या दारापर्यंत ओढून नेलं. भाडं घेतलं नाही. सुतारानं खाच बोटानं मापली आणि म्हणाला, "आढं चालंल, पर खाचंखाली एक खांब द्यावा लागंल."

त्यामुळं बनुबाईच्या नव्या छपराखाली आता घराच्या बरोबर मधोमध एक खांब उभा आहे. आलेला पाहुणा त्याला धडकतो आणि हा इथं कशाला म्हणून विचारतो. मग बनुबाई चहा ठेवते आणि पहिल्यापासून सांगायला बसते. सापाची जागा आली की ती स्वतः उठून हात पसरून दाखवते.