प्लास्टिकवरचे फोड

दुकानात काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक वैतागून येतं, मालक त्याच्यादेखत कारागिराला बोलतो, आणि गिऱ्हाईक गेलं की बाकीचे हसतात. झाला किस्सा. मला चारचौघांत बोलता येत नाही, त्यामुळे माझ्याजवळ ते जरा जास्तच साचले. फक्त आमच्या दुकानातले सगळे किस्से एकाच माणसाच्या अंगावर पडलेले आहेत, म्हणून सांगताना पूर्ण हसू येत नाही.

तो माणूस म्हणजे नामदेवकाका. रमणशेठचं दुकान वर्ध्यात नागपूर रोडवर होतं. जीपचे हूड, सीटकव्हर, पडदे, असलं काम. मी आठवीतून शाळा सोडली आणि काही वर्षांनी आंजीहून एसटीने तिथे यायला लागलो. काका दुकान उघडलं तेव्हापासूनचे मिस्त्री. ऐंशीनंतर काचेला लावायची काळी फिल्म आली, आणि तेही काम काकांकडेच आलं. साबणाच्या पाण्याने काच धुवायची, फिल्म अंथरायची, रबराच्या पट्टीने पाणी काढायचं. काकांनी लावलेली फिल्म काचेवर अशी बसायची की नख घालायला कड सापडत नसे.

मग सेलूचा एक व्यापारी जीप घेऊन आला. त्याच्या जीपच्या बाजूंना काच नव्हती, कडक पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या होत्या. त्याला त्यावर फिल्म हवी होती. काकांनी लावली. शेठने गिऱ्हाइकाला चहा पाजला.

आठवड्याने जीप परत आली. खिडक्यांवर फोडच फोड.

व्यापारी म्हणाला, "मिस्त्री, फिल्म लावली का पापड भाजले?"

सगळे हसले. शेठने काकांचा हात धरून उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, "खर्रा खातोस ना दिवसभर. हात घाण हायेत तुहे. घाण हाताचंच हाय हे."

काका म्हणाले, "काचेवर याच हातानं लावतो ना, शेठ."

"काच सोसते," शेठ म्हणाला.

*

काकांनी तंबाखू-सुपारीचा तो खर्रा सोडला. वर्ध्यातल्या माणसाने खर्रा सोडणं म्हणजे काय, ते इथल्यालाच कळेल. पानठेल्यावाला दुकानात येऊन विचारून गेला, "काका आजारी हायेत का?"

पुढच्या जीपला पुन्हा फोड आले. शेठ म्हणाला, "म्हणजे चोरून खाऊन राह्यला हा."

त्यानंतर गिऱ्हाइकंसुद्धा काम देण्याआधी काकांचे हात हुंगायला लागली. काका निमूट हात पुढे करायचे.

*

मग शेठच्या घरच्यांनी सुचवलं की आंघोळ करून, धुतलेले कपडे घालूनच प्लास्टिकला हात लावावा. ऐन थंडीत काका दुकानामागच्या नळावर आंघोळ करायचे आणि कुडकुडत फिल्म लावायचे. आमचा शिंपी म्हणायचा, "काका सोवळ्यात हायेत, शिवू नका कोणी."

एकदा एका म्हाताऱ्याने खरंच चप्पल बाहेर काढली आणि लांबून हात जोडले. त्याला वाटलं आत पूजा चालू आहे. काका ओल्या केसांनी उठले आणि त्याच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. "घ्या बाबा. प्लास्टिक पावते म्हणतात."

फोड आलेच.

*

एक निवडणुकीला उभे राहिलेले भाऊसाहेब होते. त्यांनी जीपच्या प्लास्टिकवर सगळ्यात गडद फिल्म लावून घेतली. "आत कोण हाय ते दिसाले नाई पाह्यजे." प्रचारभर ते मागे झोपत आणि कार्यकर्ते गावोगाव भाषण करत. भाऊसाहेब पडले. मग म्हणाले, "काढून टाका. लोक मले वळखत नाईत."

फिल्म निघाली, पण गोंद प्लास्टिकवरच राहिला. खिडक्या मोतीबिंदू झाल्यासारख्या झाल्या. आतून बाहेरचं दिसेना, बाहेरून आतलं दिसेना.

काका म्हणाले, "झाली की बराबरी, भाऊसाहेब."

शेठने काकांना सगळ्यांसमोर भाऊसाहेबांच्या पाया पडून माफी मागायला लावली. भाऊसाहेब गेल्यावर शेठ शांतपणे म्हणाला, "नामदेव, आता एकदा जरी फोड आला तर तुह्या जागेवर दुसरा बसवतो."

त्या दिवशी मात्र आमच्यातलं कोणी हसलं नाही. काकांना दुसऱ्या दुकानात कुणी काम दिलं नसतं. हात घाण असल्याची गोष्ट सेलूपर्यंत पोचली होती.

*

मे महिन्यात सेलूचा व्यापारी पुन्हा आला, नव्या खिडक्या घेऊन. काकांनी आंघोळ केली. खिडक्या तीनदा धुतल्या. फिल्म लावून झाल्यावर उठलेच नाहीत, प्लास्टिककडे पाहत बसून राहिले. मला म्हणाले, "पाहाय बरं, तुले काही दिसते का?"

काहीच दिसत नव्हतं. स्वच्छ काम होतं.

जीप चार दिवसांनी आली. शेठने खिडक्यांवरच्या फोडांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलंच नाही. काकांनी आपली रबराची पट्टी पुसून टेबलावर ठेवली आणि पायी घरी गेले.

शेठने नागपूरहून कारागीर आणला. त्याला खुर्ची दिली, डोक्यावर पंखा दिला. तो खर्रा खाता खाता काम करायचा. त्याने त्याच जीपच्या पुन्हा नव्या आणलेल्या खिडक्यांना फिल्म लावली आणि आठवड्यात तिला तसेच फोड आले, थोडे मोठेच. व्यापारी भडकला. शेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "यात कारागिराचा काय दोष, साहेब? आपल्या इकडचं ऊनच असं हाय. प्लास्टिक काय करन त्याच्यापुढं?"

संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. ते ओसरीवर कापसाच्या पोत्यांची तोंडं शिवत होते. घडलं ते सगळं मी सांगितलं, शेठचे शब्द जसेच्या तसे.

काकांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि मला विचारलं,

"काऊन रे, वर्ध्यात ऊन कवापासून पडाले लागलं?"