भागभरीचा खडा आणि आचरचं रक्त

भागभरीच्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि तिच्या नवऱ्याच्या हाताला लगाम नव्हता. एवढ्या भांडवलावर त्या दोघांनी वीस-बावीस वर्षं रेटली. खारी वेरी गावातले लोक त्याला संसार म्हणायचे, कारण दुसरा शब्द त्यांच्यापाशी नव्हता.

लग्न बदल्याचं. भागभरी आचरला दिली आणि आचरची बहीण नियामत भागभरीच्या भावाला, खमीसोला. आमच्या थरच्या वाळवंटात ही रीत जुनी आहे आणि तिचे गोडवे गाणारे सगळे पुरुष आहेत. दोन घरं एकमेकांची ओलीस राहतात, झालं. इकडच्या बाईला माहेरी धाडलं की तिकडच्या बाईनंही बोचकं बांधायचं, मग तिचा संसार कितीही सुखाचा असो. खमीसो मेणाहून मऊ, बायकोवर जीव टाकणारा. त्याचं घर मोडू नये म्हणून भागभरी मार खाऊनही कधी माहेरी जाऊन बसली नाही. जो हिशेब चुकता करायचा तो तिने जिभेने केला. आचर जेवायला बसला की ती भाकरी पुढे टाकून म्हणायची, "खा, उंटानंही आज तुझ्याहून जास्त काम केलंय." त्याचा घास तिथेच अडकायचा. सासू, माई हवा, अंगणातून ओरडायची, "जीभ छाट तिची!" आणि भागभरी म्हणायची, "छाटा, अम्मा. मग भांडायला तुम्हाला दुसरी कोण मिळणार?"

खारी वेरीच्या विहिरीचं पाणी नावाला जागणारं, मचूळ. ते ओढायचं बायकांनी, आणि आधी गुरांना, मग पुरुषांना, मग उरलं तर स्वतःला. उरलं तरी बाया प्यायच्या बेताबेतानंच. उघड्या वाळवंटात दिवसाउजेडी बसायला आडोसा कुठे शोधणार? त्यापेक्षा घसा कोरडा बरा. भागभरीनं जन्मभर तहान अशी दाबली आणि तिच्या पोटात खडा वाढत गेला. कुशीत कळा यायच्या, थंडी वाजून ताप यायचा. ती घडे ठेवून वाळूत वाकडी व्हायची. माई हवा म्हणायची, "आली हिची नाटकं. पाणी ओढायच्या वेळेलाच बरी कळ येते." हकिमाच्या पुड्या झाल्या, पिराचा धागा झाला. तिच्या दोन मुली सासरी गेल्या, तरी ती कळ काही गेली नाही.

एके दिवशी ती विहिरीवर पडली ती उठलीच नाही. केकड्यात, म्हणजे आमच्या त्या खटारा ट्रकमध्ये, घालून तिला मिठी शहरात नेलं आणि तिथल्या डॉक्टरानं पुढे कराचीला धाडलं. सोबत आचर, माई हवा आणि खमीसो. आचर प्रेमापोटी आला असं कुणी समजू नये. बायको विहिरीवर मेली तर गाव तोंडात शेण घालेल, शिवाय उद्यापासून पाणी कोण ओढणार, हा त्याचा घोर होता.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई मेहताब कडक होत्या आणि सिंधी आमच्यासारखंच बोलायच्या. त्यांनी काळी फिल्म उजेडावर धरली. "उजवं मूत्रपिंड कधीच सुकून गेलंय. डावं तेवढं चालू आहे आणि त्यात हा बघा."

हरणाच्या शिंगाला फुटावेत तसे फाटे फुटलेला खडा. मूत्रपिंडाचा एक कोपरा त्याने मोकळा सोडला नव्हता.

"मशीननं फोडा की," आचर म्हणाला. कुठेतरी ऐकलं होतं त्यानं.

"फोडला तर चुरा नळीत अडकेल, आणि चालू नळी एकच आहे. दुर्बिणीनं काढायचा तर एवढ्या फाट्यांसाठी मूत्रपिंडाची चाळण करावी लागेल. हिला उघडावंच लागणार. कुशीत चिरा द्यायचा, रक्ताची वाट थोडा वेळ बांधायची, मूत्रपिंड बर्फात ठेवायचं आणि शेंगेसारखं उकलून आख्खा खडा काढायचा. रक्त जातं त्यात. दोन बाटल्या हाताशी असल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. आणि थांबलात तर हेही मूत्रपिंड जाईल. मग ही बाई गेली."

भागभरीचं रक्त दुर्मीळ गटाचं निघालं. तिच्या स्वभावाला शोभेलसंच, कुणाशी न जुळणारं. रक्तपेढीत तसली एकच बाटली होती. खमीसोचं तपासलं, जुळलं नाही. आचरचं तपासलं आणि तंतोतंत जुळलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. त्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

प्रश्न तिथून सुरू झाला. आचर खुर्चीवरून असा उठला, जणू खाली विंचू निघाला. "मी देणार नाही. नवऱ्याचं रक्त बायकोत गेलं की ती बहीण होते. निकाह तुटतो. आमच्याकडे पोरालाही ठाऊक आहे हे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?"

इस्पितळाच्या आवारातल्या मशिदीचे मौलवी बोलावले. म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "सांई, रक्तानं निकाह तुटत नाही. दुधाचं नातं वेगळं, एकाच बाईचं दूध प्यालेले भाऊबहीण होतात, तेही तान्हेपणी प्यालेले. हे रक्त औषध आहे, बिनघोर द्या." त्यांची पाठ वळली आणि आचर म्हणाला, "शहरातले मौलवी पंख्याखाली बसून बोलतात. गावात तोंड मला दाखवायचंय."

खमीसो घाबरत म्हणाला, "मग नियामतला बोलावू? ती याची बहीण, तिचंही कदाचित जुळेल."

माई हवाने कपाळावर हात मारला. "अक्कल गहाण ठेवलीस काय रे? नियामतचं रक्त आणि आचरचं रक्त एकाच पोटातलं. नियामतचं घातलं तरी ही माझी लेकच झाली ना? मग आचरची कोण लागली?" अशा रीतीने एका बाईला मरू देण्यासाठी जेवढा विचार लागतो तेवढा त्या घराने त्या दिवशी केला. एरवी मात्र विचार करायचा कंटाळा होता त्यांना.

हे सगळं चाललं होतं वॉर्डाच्या दारात आणि भागभरी आत खाटेवर पडून ऐकत होती. हे तिने गिळलंही असतं, नवऱ्याकडून तिची दुसरी अपेक्षा नव्हती. पण मग तिला भावाचा आवाज ऐकू आला. खमीसो आचरच्या दाढीला हात लावून गयावया करत होता, "अदा, भावा, पाया पडतो, त्या मौलवीचं ऐकून तू रक्त देऊ नकोस. तुमचा निकाह तुटला तर नियामतला परत न्याल. माझी चार पोरं आहेत. आपण दुसरीकडे बघू, कुठेतरी मिळेलच."

ज्याच्या घरासाठी तिने आयुष्यभर मार खाल्ला, तो हा भाऊ. भागभरी रडली नाही. ताप चढला होता, पण त्याहून संताप चढला.

"खमीसा!" ती आतून गरजली. वॉर्डातल्या बायका दचकल्या. "आत ये, आणि येताना माझं कफन घेऊन ये. बघायचंच आहे तर तेही बघून ठेव." खमीसो आत आला आणि पायाशी उभा राहून रडायला लागला. "रड, पण आवाज करू नकोस. त्या तुझ्या मेव्हण्याला पाठव."

आचर आला आणि हातभर लांब उभा राहिला, रक्त उडून अंगावर येईल की काय अशा बेताने.

"मला मुलगा झाला नाही म्हणून दुसरी करायची म्हणतोस," भागभरी म्हणाली. "मी असताना कुणी मुलगी देत नाही, आणि मला तलाक दिलास तर तुझी बहीण परत येते. बरोबर?"

"मग?"

"मग देव तुला फुकटात वाट दाखवतोय आणि तू बैलासारखा उभा आहेस. रक्त दे. तुझ्या लेखी निकाह तुटला, मी तुझी बहीण झाले, सुटलास. मौलवीच्या लेखी तुटला नाही, तलाक नाही, म्हणून नियामत तिच्या घरी राहील. तुझं तुला, खमीसोचं खमीसोला. कुणाचंही बोचकं बांधायला नको."

आचर किती तरी वेळ नखं चावत राहिला. त्याच्या डोक्यात एक गोष्ट शिरायला वेळ लागे, पण शिरली की घट्ट बसे. "आणि तू? तुझं काय?"

"मला खडा काढायचाय."

त्याने आईला बोलावलं. माई हवाने सगळं ऐकलं, सुनेकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "दे. बला टळली." मग आचरने वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ऐका सगळ्या! आजपासून ही माझी बहीण. अदी, माफ कर." अदी, म्हणजे ताई, म्हणताना तो हसला आणि आईही हसली. मग तो बाही वर सारत गेला. दाराशी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी असं रक्तदान जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्यांना बाटली हवी होती, त्यांनी त्याला थेट रक्तपेढीत नेलं.

खडा आख्खा निघाला. शुद्धीवर आल्यावर भागभरीला तो स्टीलच्या वाटीत दाखवला. पिवळट, खरबरीत, फाटे फुटलेला. "एवढा राक्षस पोसलास तू," परिचारिका म्हणाली. भागभरीला हसू आलं आणि कुशीतले टाके तिडकले. बरगडीखालून बेंबीच्या बाजूला वळलेला चिरा होता, त्यातून नळी बाहेर काढलेली. डॉक्टरीणबाईंनी आचरला समोर बसवून बजावलं की हिनं बरेच महिने घडा उचलायचा नाही आणि पाणी भरपूर प्यायचं, सगळ्यांच्या आधी.

ती घरी आली आणि तिने बहिणीचा हक्क सांगितला. आमच्याकडे बहिणीवर हात उचलणाऱ्याला पंगतीत कुणी बसू देत नाही. आचरचा हात एकदा वर गेला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मार ना, अदा. गावाला बोलावू?" हात खाली आला. बहिणीकडून पाणी ओढून घेत नाहीत, म्हणून तो स्वतः उंट घेऊन विहिरीवर जाऊ लागला. ती वेगळ्या झोपडीत निजायची आणि पाण्याची पहिली वाटी तिची असायची. माई हवाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बोलणार काय? वॉर्डात हसलेली तीच.

दुसरी बायको मात्र मिळेना. मुलीवाले म्हणायचे, ज्याने पहिलीला बहीण केली तो उद्या आमच्या पोरीला आई करेल. वर्ष उलटलं. माई हवाचे हात चालेनात आणि आचरला बायको आठवली. अंगणात गावचे मौलवी बसले, चार म्हातारे बसले, खमीसोही आला. मौलवींनी कराचीच्या म्हाताऱ्याचंच म्हणणं सांगितलं, की निकाह शाबूत आहे, रक्तानं काही तुटत नाही.

"ऐकलंस?" आचर म्हणाला. "मी चुकलो होतो. तू माझी बायकोच आहेस. तुझं बोचकं माझ्या झोपडीत आण."

भागभरी ताकाचा पेला खाली ठेवून उठली. उठताना तिने कुशीवर हात धरला, तशी सवयच लागली होती.

"नवरा होतास तेव्हा मी मरत पडले होते आणि तू एक थेंब द्यायला तयार नव्हतास, आचर. भाऊ झालास तेव्हा बाटलीभर दिलंस. मला भाऊच पुरे."