पेटीवरचा पंचा

पेटीवाले नाना उजव्या हातावर पंचा टाकून पेटी वाजवत. पट्ट्यांवर फिरणारी बोटं कुणाला दिसू नयेत म्हणून. "बोटं बगून वाजवनं उचलत्यात लोकं," असं म्हणत. सोलापुरातल्या मैफलींचे फोटो मी काढतो, त्यामुळे त्यांच्या लेखी पहिला चोर मीच.

माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या खटखटीवर ते चिडत. म्हणून आवाज न करणारा कॅमेरा घेतला, तर त्यांचा संशय दुप्पट झाला. "आदी निदान कळायचं की, कवा काढला ते." वाजवताना त्यांचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा माझ्यावर असे. मीही मनातून त्यांना कद्रू म्हणायचो. एवढी विद्या, आणि पंच्याखाली झाकून ठेवायची.

गेल्या वर्षी शुक्रवार पेठेतल्या एका देवळात ते वाजवत असताना ऐन द्रुत लयीत पंचा घसरला. तो परत ओढून घेईपर्यंत मी दहा-बारा फोटो काढले. घरी कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले, तर प्रत्येक फोटोत नानांचं मधलं बोट तसंच ताठ, पट्टीपासून वर. सगळी धावपळ उरलेल्या बोटांची होती.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुधनीला त्यांच्या घरी जाऊन सांगून टाकलं. नानांनी आधी एवढंच विचारलं,

"किती जनांला दावलं?"

"कुणालाच नाही."

"तरनेपनी यंत्रमागात गावलं हुतं बोट. लोकांला कळलं की बिचारा म्हनत्यात. मग वाजवनं कोन ऐकतंय? कद्रू म्हनू द्या, चालतंय. बिचारा नको."

मी त्यांच्यासमोर कॅमेऱ्यातले फोटो पुसले. त्यांनी कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "कॉम्प्युटरात न्हाईत न्हवं?"

"नाहीत," मी म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत चहा सांगितला.

यंदा नाना गेले. शोकसभेसाठी फोटो माझ्याकडूनच नेला, चेहऱ्याचा. तिथं एक जण म्हणाला, नानांनी विद्या झाकली आणि बरोबर घेऊन गेले. मला उठून सांगावंसं वाटलं, पण तोंडाशी आलेलं गिळलं.

घरी येऊन कॉम्प्युटर उघडला. ते सगळे फोटो तिथंच होते. नानांना हे तेव्हाच कळलं असणार, तरी चहा पाजून पाठवलं, याची मला फार लाज वाटली. एकदा शेवटचा तो हात पाहिला आणि फोटो पुसले. मग नानांनी पाहिलं असतं तसं सगळीकडे पुन्हा तपासून पाहिलं.